ज्यांना कुणी हाळी दिली नाही

वसाहतीच्या कमानीखाली वडापची जीप उभी होती. मी मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉपची बॅग, पायाशी चटण्यांचा डबा. आई खिडकीची दांडी धरून रडत होती आणि बाया तिला धरून उभ्या होत्या. आबांचा पत्ता नव्हता. ड्रायव्हर कावला, "म्हातारं ऐन वेळेला कुठं गेलं?" त्यानं इंजिन सुरू केलं आणि कमानीच्या मागून हाळी आली.

"अश्विनीऽऽऽ!"

माझे कान तापले. मोर्चात पोलिसांच्या तोंडावर घोषणा देणारी मी, जर्मनीला पीएचडीला निघालेली, आणि बाप रानातली गुरं हाकारल्यासारखा ओरडतोय. जीपमधले सगळे माझ्याकडं वळले. ड्रायव्हरनं गिअरवरचा हात काढून घेतला. तो आमच्याच वसाहतीतला. म्हणाला, "ओ दे की बाई. त्याबिगार गाडी हलायची न्हाय."

मी डोकं बाहेर काढून "ओऽ" म्हटलं. मग जीप हलली.

ही सावरदांडची रीत. सावरदांडकरांनो, तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत आहे, पण तुमच्या पोरांना नाही, म्हणून लिहिते. जुन्या गावात हाळीचा मान आमच्या घराकडं होता. लग्न असो, मयत असो, देवीचा उत्सव असो, आमच्या घरचा पुरुष प्रत्येक अंगणात उभा राहून घरधन्याचं नाव घेऊन हाळी द्यायचा. आतून "ओ" यायची. मग त्या घरातली माणसं वहाणा घालायची. कुणी दूरगावी निघालं तरी तेच. बोलावल्याशिवाय जायचं नाही, ओ दिल्याशिवाय निघायचं नाही.

आणि मग धरण आलं. ट्रक आले. माझे आजोबा, रावजी, तेव्हा हाळीचे मानकरी होते. साहेबानं त्यांना सांगितलं, लोकांना बोलवा, गाड्या भरायच्या आहेत. आजोबा वाघजाईच्या देवळाच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. म्हणाले, "उठवतंय सरकार, तर हाळीबी सरकारनंच द्यावी." सरकारनं दिली. ट्रकच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दाराच्या चौकटी, कोंबड्या, पाटे-वरवंटे घेऊन माणसं हॉर्नवर निघाली.

आमच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, हाळी झाली न्हाय म्हंजी गाव निघालंच न्हाय. माणसं तेवढी आली.

मी लहान होते तेव्हा या वाक्याची मला भीती वाटायची. मोठी झाले तेव्हा राग आला. गाव निघालं नाही म्हणे! गाव निघालं, बुडालं, त्याच्या पाण्यावर दुसऱ्यांचे ऊस उभे राहिले, आणि निम्म्या घरांना कबूल केलेली जमीन अजून नाही. हे छापायचं असतं, भिंतीवर चिकटवायचं असतं. कॉलेजात होते तेव्हापासून मी तेच केलं. पत्रकं लिहिली, वाटली, गळा फुटेस्तोवर बोलले. भुताखेतांना माझ्या पत्रकात जागा नव्हती.

पण आबा दर देवदिवाळीला धरणावर जायचे. वाघजाईची टेकडी बुडाली नव्हती; चारी बाजूंनी पाणी येऊन तिचं बेट झालं होतं. आबा होडीतून तिथं जायचे, दिवेलागणीला काठावर उभे राहायचे आणि पाण्याकडं तोंड करून एकेका घराला नावानं हाळी द्यायचे. शेवटी "याऽऽ" म्हणायचे. दिव्याला या. अर्थात कुणी ओ द्यायचं नाही. मग ते दिवा लावून परत यायचे आणि दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत.

आता मी गार्चिंगमध्ये राहते. म्युनिकपासून यू-बाननं, म्हणजे मेट्रोनं, शेवटच्या टोकाला. धरणात गेलेल्या गावाची पोरगी इथं धरणांत साठणारा गाळ मोजते. हसा. मीही हसते. आमच्या इन्स्टिट्यूटनं एकदा आल्प्समधल्या एका धरणावर नेलं होतं. पाणी हिरवंनिळं, काठावर लोक आइस्क्रीम खात होते आणि एका पाटीवर लिहिलं होतं की इथं खाली गाव होतं. आमचे प्रोफेसर म्हणाले, किती सुंदर. मी म्हटलं, पाटी चांगली आहे. आमच्या गावाला पाटीसुद्धा नाही. आबांच्या व्हिसाच्या अर्जात जन्मगाव लिहिलं आणि सहज फोनवरच्या नकाशात शोधलं, तर ती लाल खूण निळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आजूबाजूला काही नाही. मी बराच वेळ झूम करत बसले. खाली काहीतरी दिसेल असं वाटत होतं.

आबा आले ते आवाज बसलेला घेऊन. फोनवर मला वाटायचं, सर्दी आहे. विमानतळावर त्यांनी "पोरी" म्हटलं तेव्हा नुसती हवा आली, आणि मला कळलं की आईनं काहीतरी लपवलंय. घशात गाठ. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि आवाज परत येईल याची खात्री दिली नव्हती.

"म्हनून म्हटलं, हाय तवर तुला भेटून येतो," आबा म्हणाले.

माझ्या स्वयंपाकघरात, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून, त्यांनी खरं कारण सांगितलं. यंदाच्या देवदिवाळीला ते शेवटची हाळी देणार होते. 'या' म्हणायचं नाही, 'चला' म्हणायचं. ट्रक आले तेव्हा आजोबांनी जी दिली नाही ती. म्हणजे सावरदांड सुटलं. मान संपला.

"माझ्या मागं हाळी द्यायला हाय कोन? तू हितं. चुलत घरात पोरगं न्हाय. अर्धवट ठिवून कसा जाऊ?"

मी भडकले. "आबा, अजून केस चालू आहे. अजून लोकांना जमीन मिळायचीय. आणि तुम्ही गावाला सांगणार, जा बाबांनो, आमची काही तक्रार नाही? सरकारला हेच पाहिजे!"

"सरकारला काय कळतंय हाळीतलं."

"मग मी देते."

"बाईमानसाचा मान न्हाय तो." मग म्हणाले, "आन् तुला एका तरी घराचं नाव येतंय का? तुला एकर येत्यात."

चहा निवला. दोन दिवस आम्ही हवापाण्यावर बोललो.

त्यातून बाहेर काढायला मिलिंददादा आला. हा माझा लांबचा भाऊ, आमच्याच वसाहतीतला, आईच्या बाजूनं नातं, म्हणून मानात बसत नाही. म्युनिकला गाड्यांच्या कंपनीत आहे. पुण्यात इंजिनिअर झाला, इथं येऊन दर वीकेंडला डोंगर चढतो आणि स्वतःला 'नेचर पर्सन' म्हणवतो. त्यानं आधीपासूनच स्कॉटलंडचा बेत ठरवलेला होता, काकांसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसाही त्यानंच धडपडून काढलेला.

"प्रायव्हेट गायडेड टूर आहे, काका. आल्झो, म्हणजे बसमध्ये चेंगरायचं नाही. आपली गाडी, आपला गाइड. डोंगर, समुद्र, बेट, सगळं एका दिवसात. एकदम अनटच्ड."

"अनटच्ड म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माणसाचा हात न लागलेलं. अश्वे, प्लीज. एक दिवस आंदोलन बंद ठेव."

इन्व्हर्नेसला सकाळी गाइड गाडी घेऊन आला. कॅलम नाव, चाळिशी उलटलेला, बोलण्यात पटाईत. आबांना त्यानं पुढची सीट दिली आणि त्यांच्या गुडघ्यांवर एक लोकरी पांघरूण टाकलं. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याच्यावर चिडणार आहे.

डोंगर सुरू झाले. झाड नाही, घर नाही, फक्त तपकिरी-जांभळं गवत आणि वरून उतरणारे पाण्याचे पांढरे धागे. पूल ओलांडून आम्ही स्काय बेटावर आलो तेव्हा धुकं खाली आलं होतं. डोंगरांना शेंडे नव्हते. कॅलम बोलत होता. या तळ्यात परी राहते, यात तोंड धुतलं की माणूस तरुण दिसतो. या कड्यावर अमक्या सिनेमाचं शूटिंग झालं. ही दारू या पाण्याची. परीच्या राजाचं नाव त्याला माहीत होतं. मिलिंददादा भाषांतर करत होता आणि मधूनमधून जर्मनमध्ये गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होता. त्यानं तळ्यात तोंड धुतलं. आबांनी नुसती बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली, आपण नदीला लावतो तशी.

"युरोपातलं हे शेवटचं रान," कॅलम म्हणाला. "इथं कुणी काही बिघडवलेलं नाही. कायम असंच रिकामं."

मी खिडकीतून बघत होते. गवताखाली डोंगराच्या अंगावर रेघा होत्या. सरळ, समांतर, वरून खाली. पाऊस अशा रेघा ओढत नाही, हे मला माझ्या धंद्यापुरतं कळतं. हे वाफे होते.

"कॅलम, हे वाफे कुणाचे?"

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "पूर्वी थोडे लोक होते. मग गेले. कॅनडाला वगैरे."

"गेले? आपसूक?"

"अश्वे," मिलिंददादा म्हणाला.

पण मी का गप्प बसू? आमच्याही कागदांवर 'स्थलांतरित कुटुंबे' असंच लिहिलेलं असतं. जणू आम्ही सगळे एका सकाळी उठलो आणि म्हणालो, चला, जरा सपाटीला जाऊन राहू या. गाव रिकामं होत नसतं. ते कुणीतरी रिकामं करतं, आणि मग त्याचाच नातू तिथं तिकीट लावतो आणि म्हणतो, बघा किती शांत आहे! हे मी इंग्रजीत बोलले, मोर्चातल्या आवाजात, बंद गाडीत. कॅलमचे कान लाल झाले. त्यानंतर परीची गोष्ट झाली नाही.

थोड्या वेळानं आबांनी करंगळी वर केली. कॅलमनं रस्त्याकडेला गाडी लावली. आबा दगडी गडग्यामागं गेले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

आम्ही वाट बघितली. वारा पडला होता. समुद्र जवळ असणार, वास येत होता, पण आवाज येत नव्हता. कॅलमनं घड्याळ बघितलं. मिलिंददादानं हाक मारली, "काकाऽ!" मी मारली, "आबाऽऽ!"

ओ आली नाही.

आमच्या घरात हाळीला ओ न येणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना ओरडता येत नाही, हे डोक्याला माहीत होतं; पाय तरी पळत सुटले. गवत ओलं आणि मऊ होतं, पाय पडला की खालून पाणी वर यायचं. पुढं धुक्यात एक भिंत उभी राहिली. मग दाराची जागा. छप्पर नव्हतं. आणि त्या दारात आबा, पाठमोरे. मिलिंददादानं घेऊन दिलेले ट्रेकिंगचे बूट त्यांनी काढून उंबऱ्याच्या दगडाशेजारी नीट लावून ठेवले होते. ते त्या गार गवतात अनवाणी उभे होते.

"कोन हाय का घरात?" ते विचारत होते. फक्त हवेच्या आवाजात.

मी पुढं गेले तसा त्यांनी हात आडवा धरला. "आत जाऊ नको. ओ आली न्हाय."

"आबा, पडकं घर आहे. चला, थंडी वाजेल."

"आत कुनीतरी हाय, पोरी. ऐक."

मी ऐकलं. आणि मला ऐकू आलं. भिंतीच्या आत कुणीतरी श्वास घेत होतं. एक नव्हे. जागं राहून, आवाज न करता, पुष्कळ जणांनी घेतलेला श्वास.

मागून मिलिंददादा आला, त्याच्या मागं कॅलम. दादानं सवयीनं रील काढायला फोन वर धरला होता. आबांना अनवाणी बघून तो थांबला.

"त्याला इचार," आबा म्हणाले, "हितल्या घरधन्याचं नाव काय हुतं."

दादानं विचारलं. कॅलमला माहीत नव्हतं. म्हणाला, कुठंतरी नोंद असेल.

"बरं. मग ह्यास्नी उठवलं तवा कुनी बोलावलं व्हतं का, ते इचार."

कॅलमनं त्या रिकाम्या दाराकडं बघितलं. मग म्हणाला, जमीनदाराचा माणूस यायचा, हुकूम घेऊन. त्याला जागा मेंढरांसाठी पाहिजे असायची. जे उठायचे नाहीत त्यांचं छप्पर पेटवून द्यायचे. त्या दिवसात त्यानं आम्हाला सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य, आणि ते सांगताना त्याचा पटाईतपणा गेला होता. "माझी आजी," तो म्हणाला, "आम्हाला इथून जाताना शीळ वाजवू द्यायची नाही. का ते तिनं कधी सांगितलं नाही."

दादानं भाषांतर केलं. आबांनी मान हलवली, जणू त्यांना एवढंच हवं होतं.

"म्हंजी ह्यास्नीबी हाळी न्हाय. बसून हायती."

त्यांनी छाती भरून घेतली, हात तोंडाशी नेला, आणि हाळी दिली. काहीही बाहेर आलं नाही. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, ओठांनी आकार केला, पण आवाज नव्हता. त्यांनी पुन्हा केलं. ते बघवत नव्हतं. देवदिवाळीला काय होणार आहे, ते मला तिथं दिसलं. आबांनाही दिसलं. ते माझ्याकडं वळले.

"तू दे."

"मी? बाईमाणसाचा मान नाही ना?"

"घोशना देतीस नव्हं? दे त्याच गळ्यानं. नावं न्हाईत, तर 'घरातली' म्हन. आन् 'या' म्हनू नगंस. यायला जागा कुठं ऱ्हायलीया त्यास्नी. 'चला' म्हन."

मी विवेकवादी आहे. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढलेली आहेत. मी बापाच्या समाधानासाठी, तो लवकर बूट घालेल म्हणून, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"घरातलीऽऽऽ! चलाऽऽऽ!"

डोंगरावरून आवाज परत आला. तो विरला. मग आत, भिंतीमागं, दगडावर काहीतरी टकटकलं. दारातून एक मेंढी बाहेर आली. काळं तोंड, पिवळे डोळे. तिच्यामागं दुसरी. मग एकेक करत पुष्कळ. एकही ओरडली नाही. आबांच्या अनवाणी पावलांना लोकर घासून त्या पुढं गेल्या. आणि मग डावीकडं, जिथं मला नुसतं धुकं दिसत होतं, तिथूनही बाहेर आल्या. म्हणजे तिथंही दार होतं. त्याच्या पलीकडूनही. वरच्या अंगालाही. कुठून मेंढरं बाहेर येत होती त्यावरून मला कळत गेलं की इथं किती घरं होती. गाव मोठं होतं.

सगळी उताराला लागली, धुक्यात शिरली, आणि खाली गोट्यांवर खुरांचा आवाज होऊन थांबला. समुद्राच्या कडेला जाऊन उभी राहिली असणार. त्यापुढं जायला जागा नव्हती.

"मेंढरं आहेत," मिलिंददादा म्हणाला. "मेंढरंच आहेत." कुणी काही वेगळं म्हटलं नव्हतं. फोन त्यानं केव्हाच खाली घेतला होता.

"चारा घालणारा हाक मारत असेल त्यांना," मी म्हणाले.

कॅलमनं नाही अशी मान हलवली. "परका आवाज ऐकला की ही डोंगराकडं पळतात. वर." त्यानं उताराकडं बोट केलं नाही, नुसतं तिकडं बघितलं.

ज्यांच्यासाठी माणसं उठवली, तीच मेंढरं माणसांच्या घरात राहायला आलेली, आणि आमच्या बोलीत 'चला' म्हटलं की उठून निघणारी. यावर मला एक जळजळीत पत्रक लिहिता आलं असतं. मी खाली बसून आबांचे पाय माझ्या मफलरनं पुसले आणि त्यांना बूट घातले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "चला म्हटलं की घर मोकळं हुतंय."

गाडीत हीटर लावला. कॅलमनं थर्मासमधला चहा आधी आबांना दिला. पूल ओलांडल्यावर आबांनी मागं वळून माझ्या हातावर हात ठेवला.

"मी न्हाय म्हननार 'चला'. मला भ्या वाटलं. आपली कुठं जातील? त्यास्नी काठाला नेऊन उभं करू व्हय?"

"मग?"

"मग नावं शिक."

त्यांनी वरल्या आळीपासून सुरुवात केली. केरबा विठू. पांडू बाळा. वेशीचा सखाराम. सासू-सुनेचं घर, पुरुष नसलेलं, तिथं सुनेचं नाव घ्यायचं, यशोदा. म्हणजे बाईचं नाव हाळीत होतंच की, मी म्हटलं. घेणारी तेवढी नव्हती. आबा हसले, आवाजाविना. ते नाव कुजबुजायचे, मी मोठ्यानं म्हणायचे. कॅलमला वाटलं प्रार्थना चालली आहे. त्यानं गाडी हळू केली. खालच्या आळीतलं 'यशवंता धोंडी' म्हटलं तसा मिलिंददादा पलीकडच्या खिडकीकडं तोंड करून पटकन बोलून गेला, "ओ."

त्याचे आजोबा. दादा चष्मा पुसत म्हणाला, "श्वासानं काच धूसर होते इथं." कुणी त्याला छेडलं नाही. मीसुद्धा.

महिनाभरानं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आवाज गेला. आता आबा बोलतात ते तोंडाशी कान नेला तरच कळतं.

देवदिवाळीला मी रजा घेऊन गेले. वसाहतीत कुरकुर झाली. शेजारचे म्हातारे तात्या म्हणाले, "बायामानूस हाळी देनार म्हंजी देवीला काय वाटंल?" आई म्हणाली, "देवीच बायामानूस हाय, तात्या. तिला बरंच वाटंल." तात्या होडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

बेटावर दिवेलागण झाली. पाणी डोंगरांपर्यंत भरलेलं, काळं, सपाट. माझ्याच प्रबंधात मी लिहिलंय की अशा जलाशयात इतक्या वर्षांत किती गाळ बसतो. सावरदांडच्या भिंती आता त्या गाळाखाली असणार. हे मला माहीत असून मी पाण्याच्या कडेला उभी राहिले. आबा माझ्या खांद्यामागं. ते कानात नाव सांगायचे, मी हाळी द्यायचे.

"केरबा विठूऽऽ! याऽऽ!"

पांडू बाळा. सखाराम. यशोदा. प्रत्येक नावानंतर ओ यायला लागेल एवढा वेळ थांबायचं असतं. त्या थांबण्यात पाणी ऐकतंय असं वाटतं. मोर्चात आपण थांबत नाही. थांबलो तर घोषणा मरते. इथं उलटं आहे.

नावं संपली. मी वळणार तोच आबांनी माझं मनगट धरलं आणि कानात आणखी एक नाव सांगितलं. त्यांचं स्वतःचं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घराला आजवर कुणी हाळी दिलीच नव्हती. हाळी देणारा स्वतःला कसा बोलावणार? आजोबा पायरीवर बसले तेही न बोलावता, आबा ट्रकवर चढले तेही न बोलावता. मी बापाचं नाव जन्मात कधी मोठ्यानं घेतलेलं नाही.

"महिपत रावजीऽऽऽ! याऽऽऽ!"

मी थांबले. आणि ओ आली. भरल्या आवाजाची, जुन्या आबांची, वसाहतीच्या कमानीमागून आली होती तशी.

आबा माझ्या मागं उभे होते. त्यांना आवाज नाही. ओ पुढून आली, पाण्यावरून.

प्रतिध्वनी, मी म्हणाले. पण मी 'ओ' म्हटलं नव्हतं. तात्यांनी देवळाकडं तोंड करून हात जोडले. आबांनी मात्र कसलंच आश्चर्य दाखवलं नाही. घशाला हात लावला, मान डोलवली आणि दिवा लावायला गेले. परतीच्या होडीत ते आईला खाणाखुणांनी हसवत होते. यंदा दोन दिवस गप्प बसणं झालं नाही.

मी पुन्हा गार्चिंगला आले. इथं प्रत्येक दाराशी घंटी असते, घंटीखाली आडनाव असतं, आणि कुणी कुणाला हाक मारत नाही. केस चालू आहे. जमिनीचं पत्रक नव्यानं लिहितेय. या वेळी त्यात एकरांच्या आधी घरांची नावं येतील, यशोदाबाईंसकट. तुम्ही नवी मुंबईत असा, पुण्यात असा, बॉनला असा, पुढच्या देवदिवाळीला तुमच्या घराचं नाव मी घेणार आहे. हातातलं काम ठेवून ओ द्या. आजूबाजूचे बघतील. बघू देत.

आणि घर कुठं, असं मला कुणी विचारलं तर आता मी नकाशा उघडत नाही. एवढंच करते की दिवेलागणीला खिडकी उघडते, बाहेर बर्फ असला तरी. शेजारच्या आजीबाई खूश आहेत. त्यांना वाटतं, पोरीला शेवटी जर्मन सवय लागली, खोलीत हवा खेळती ठेवते. मी म्हणते, "गेनाऊ." आणि खिडकी थोडी आणखी उघडते, कारण त्या बाजूनं कुणी नाव घेतलं तर मला ऐकू आलं पाहिजे.